पोस्ट ऑफिस बचत खाते

पोस्ट ऑफिस बचत खाते (बोलीभाषेत 'पोस्टातले खाते') हे भारत सरकारच्या वतीने टपाल विभागामार्फत चालवले जाणारे बचत खाते आहे. या खात्यातील ठेवीची जबाबदारी थेट केंद्र सरकारवर असते. खात्याचे नियम केंद्रीय अर्थ मंत्रालय ठरवते. टपाल विभाग ते राबवतो. प्रस्तुत लेखात खात्याचे स्वरूप, ते उघडताना व वापरताना खातेदारांना येणारे अनुभव आणि नाशिक जिल्ह्यातील, विशेषतः येवला तालुक्यातील, संदर्भ दिले आहेत.

इतिहास

ब्रिटिश काळात शासकीय बचत बँक अधिनियम, १८७३ संमत झाला आणि १८८२ मध्ये टपाल कार्यालयांतून बचत बँकेचे काम सुरू झाले. त्या काळी गावोगावी पोचलेली सरकारी यंत्रणा म्हणजे टपाल. बँकांच्या शाखा मोठ्या शहरांपुरत्या होत्या, त्यामुळे अनेक कुटुंबांचे पहिले खाते पोस्टातच निघाले. १८७३ चा कायदा आजही लागू आहे. २०१८ मध्ये त्याचे नाव बदलून शासकीय बचत प्रोत्साहन अधिनियम करण्यात आले आणि बचत प्रमाणपत्रे व सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांचे स्वतंत्र कायदे त्यात विलीन झाले. सध्याच्या खात्याचे नियम १२ डिसेंबर २०१९ रोजी अधिसूचित झालेल्या योजनेतील आहेत.

संगणकीकरणाचा टप्पा २०१३ नंतरचा आहे. पूर्वी ज्या कार्यालयात खाते उघडले तिथूनच पैसे काढावे लागत; एकत्रित संगणक प्रणालीशी जोडलेल्या कोणत्याही कार्यालयातून व्यवहार करणे त्यानंतर शक्य झाले. ग्रामीण शाखा कार्यालयांना जोडण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये 'दर्पण' प्रकल्पाचा आरंभ झाला. अन्य बँकांशी एनईएफटी व आरटीजीएस पद्धतीने पैशांची देवाणघेवाण मात्र २०२२ मध्ये सुरू झाली. त्याआधी बँक खात्यातून पोस्टातील खात्यात पैसे टाकण्याचा सोपा मार्ग सामान्य खातेदाराकडे नव्हता.

सरकारी हमीचे महत्त्व

व्यापारी व सहकारी बँकांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाख रुपये आहे. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही. पोस्टातील ठेवीला विम्याची गरजच नसते, कारण ती रक्कम राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होते आणि तिची परतफेड हे सरकारचे दायित्व असते.

नाशिक जिल्ह्यात हा फरक केवळ पुस्तकी राहिलेला नाही. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर आणि थकीत पीककर्जांमुळे नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आर्थिक अडचणीत आली. स्वतःच्याच ठेवी काढण्यासाठी ठेवीदारांना खेटे घालावे लागले आणि पुढे बँकेवर प्रशासक नेमण्यात आला. शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची बँक अशी अडचणीत येऊ शकते, या अनुभवानंतर व्याजदरापेक्षा हमीला महत्त्व देणे समजण्यासारखे आहे.

खाते उघडणे

खाते एकट्याच्या किंवा संयुक्त नावाने उघडता येते. एका व्यक्तीला एकट्याच्या नावाने एकच खाते ठेवता येते. दहा वर्षांवरील अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी स्वतःचे खाते स्वतः चालवू शकते. आरंभीची किमान ठेव ५०० रुपये आहे. शासकीय कल्याणकारी योजनांच्या लाभार्थ्यांसाठी शून्य शिलकीचे 'मूलभूत बचत खाते' उपलब्ध आहे. ही तरतूद अर्जदाराने स्वतः विचारल्याखेरीज त्याला समजतेच असे नाही.

अर्जासोबत छायाचित्र, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि वारसाचे नामनिर्देशन द्यावे लागते. ३१ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अल्पबचत योजनांसाठी आधार क्रमांक आवश्यक झाला. आधार नसल्यास नोंदणीची पावती देऊन सहा महिन्यांत क्रमांक सादर करता येतो. शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर गेल्यास, वर्षभरातील एकूण जमा १ लाखाच्या वर गेल्यास किंवा एका महिन्यात काढलेली रक्कम १०,००० रुपयांहून अधिक झाल्यास दोन महिन्यांत पॅन देणे बंधनकारक आहे. जुन्या खातेदारांना आधार देण्यासाठी ३० सप्टेंबर २०२३ पर्यंतची मुदत होती. न दिल्यास खाते गोठवण्याची तरतूद आहे.

प्रत्यक्षात अर्ज अडतो तो कागद नसल्यामुळे कमी आणि कागदांवरची नावे न जुळल्यामुळे अधिक. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. आधारवर माहेरचे आडनाव, शिधापत्रिकेवर सासरचे, पॅनवर वडिलांचे नाव आणि जुन्या पासबुकावर केवळ घरगुती हाकेचे नाव, अशी स्थिती असल्यास आधी आधारमध्ये दुरुस्ती, मग खाते, असा क्रम पाळावा लागतो. लिहिता-वाचता न येणारी व्यक्तीही खाते उघडू शकते. तिचा अंगठा साक्षीदारासमोर घेतला जातो. २०२५ पासून आधारच्या बोटांच्या ठशावर कागदविरहित खाते उघडण्याची सोय सुरू झाली.

व्याज आणि किमान शिल्लक

१ डिसेंबर २०११ पासून व्याजदर वार्षिक ४ टक्के आहे. त्यापूर्वी तो ३.५ टक्के होता. व्याज मोजण्याची रीत मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळते. १२ तारखेला जमा केलेल्या रकमेला त्या महिन्याचे व्याज नाही. २५ तारखेला काढलेल्या रकमेलाही नाही. मजुरी किंवा निवृत्तिवेतन ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात काढणाऱ्या खातेदाराला व्याज जवळजवळ मिळतच नाही. हिशेबात चूक झाल्याचा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात हिशेब नियमाप्रमाणेच असतो. व्याज आर्थिक वर्षाच्या शेवटी जमा होते.

किमान शिल्लक ५०० रुपये ठेवावी लागते. वर्षअखेरीस ती कमी असल्यास ५० रुपये देखभाल शुल्क कापले जाते आणि शिल्लक शून्य झाल्यास खाते आपोआप बंद होते. (२०१९ मध्ये हे शुल्क १०० रुपये होते, २०२१ मध्ये ते निम्म्यावर आणले गेले.) पाचशे रुपयांवर वर्षाचे व्याज २० रुपये होते, म्हणजे एका वर्षाच्या शुल्कात अडीच वर्षांचे व्याज जाते. शिल्लक ५०० च्या खाली जाईल अशी रक्कम काढू दिली जात नाही, त्यामुळे नव्या खातेदाराला हा फटका सहसा बसत नाही. तो बसतो जुन्यांना. २०१९ पूर्वी साधे खाते २० रुपयांत उघडता येई आणि तेव्हा उघडलेली, फारशी न वापरलेली खाती नव्या नियमात अडकली.

पैसे काढणे

शहरातील उपडाकघर आणि खेड्यातील शाखा डाकघर यांत खातेदाराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. शाखा डाकघर ग्रामीण डाकसेवक चालवतात आणि ते दिवसातून साधारण चार ते पाच तासच उघडे असते. रोजंदारीवर जाणाऱ्यासाठी हीच वेळ कामाची असते. शाखेतून एका खात्यातून एका दिवशी काढता येणाऱ्या रकमेची मर्यादा २०२१ मध्ये ५,००० रुपयांवरून २०,००० करण्यात आली. तथापि शाखेत ठेवायच्या रोकडीवरही मर्यादा असते. मोठी रक्कम हवी असल्यास ती आदल्या दिवशी सांगून ठेवण्याची किंवा तालुक्याच्या गावी जाण्याची वेळ येते. जाळ्याची जोडणी नसली तर व्यवहार थांबतो. 'आज नेट नाही' हे वाक्य ग्रामीण खातेदारांच्या परिचयाचे आहे.

पासबुकातील नोंद हाच खातेदाराकडील मुख्य पुरावा असतो. दारोदार फिरून आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधींची योजना (महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना) १९७२ पासून चालू आहे आणि महाराष्ट्रात ती चांगली रुजली. मात्र प्रतिनिधीच्या हाती दिलेले पैसे पोस्टात जमा झाल्याचे पासबुकावरूनच कळते, तिच्या वहीतील नोंदीवरून नव्हे.

दोन खाती, एकच इमारत

१ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. तिचे काम टपाल कार्यालयांतूनच चालते आणि घरी येणारा पोस्टमन तिचा प्रतिनिधी असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली वेगळी बँक आहे. तिथे दिवसअखेरीची शिल्लक २ लाख रुपयांपर्यंतच ठेवता येते. त्यावरील रक्कम जोडलेल्या पोस्ट बचत खात्यात वळवता येते. व्याजदर, कार्ड, मोबाइल अ‍ॅप आणि तक्रारीची यंत्रणा ही सर्व निराळी आहे.

खातेदारांच्या गोंधळाचे हे सर्वांत मोठे कारण आहे. एकाच खिडकीवर, एकाच कर्मचाऱ्याकडे उघडलेले खाते नेमके कोणते, हे अनेकांना सांगता येत नाही. क्यूआर चिन्हाचे कार्ड दिले असेल तर ते बहुधा पेमेंट्स बँकेचे. पासबुक आणि किमान ५०० रुपयांची अट असेल तर ते बचत बँकेचे.

थेट लाभ आणि आधार संलग्नता

शासकीय अनुदान थेट खात्यात जमा करताना बहुतेक योजनांत खाते क्रमांक नव्हे, तर आधार क्रमांक वापरला जातो. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एका वेळी एकच बँक असते आणि शेवटी जिथे संलग्नता दिली ती बँक तिथे नोंदली जाते. रक्कम त्या बँकेकडे जाते, मग अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिलेला असो. आधारची झेरॉक्स बँकेला देणे किंवा केवायसीसाठी आधार दाखवणे म्हणजे ही संलग्नता नव्हे. तिच्यासाठी स्वतंत्र संमती द्यावी लागते.

जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने हा तांत्रिक मुद्दा घरोघरी पोचवला. दरमहा १,५०० रुपयांच्या या लाभासाठी राज्यभर बँका आणि टपाल कार्यालयांसमोर महिलांच्या रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये हप्ते जमा होऊ लागल्यावर काहींचे पैसे विस्मरणात गेलेल्या जुन्या खात्यात गेल्याचे आढळले. काही बँकांत ती रक्कम किमान शिलकीच्या दंडात किंवा थकीत कर्जात वळती झाल्याच्या तक्रारी आल्या. तसे करू नये, अशा सूचना राज्य शासनाने बँकांना दिल्या. तत्पूर्वी २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेचे हप्ते आधार संलग्नतेअभावी अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी पोस्ट पेमेंट्स बँकेत खाती उघडण्याची मोहीम महाराष्ट्रात राबवण्यात आली होती. त्या वेळी घाईने खाते उघडलेल्या घरांत 'पैसे नेमके कुठे गेले' हा प्रश्न आजही विचारला जातो. उत्तर शोधण्याचा मार्ग सोपा आहे: आधारच्या संकेतस्थळावर बँक संलग्नतेची स्थिती पाहता येते.

बोटांच्या ठशावर पैसे काढण्याच्या सोयीला आणखी एक मर्यादा आहे. वृद्धांचे आणि हाताने कष्टाची कामे करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात व यंत्र ते ओळखत नाही. ज्यांच्यासाठी ही सोय केली त्यांच्यापैकीच काहींना ती नाकारली जाते. अशा वेळी पैसे काढण्याचा कागदी अर्ज व पासबुक हाच पर्याय उरतो, आणि तो बचत बँकेच्या खात्यालाच उपलब्ध असतो.

येवला तालुका

येवला (पिन ४२३४०१) हे पैठणी विणकामासाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे शहर. शहरात हातमाग, तर अंदरसूल, नगरसूल, राजापूर यांसारख्या गावांत कांदा आणि कोरडवाहू शेती, अशी तालुक्याची अर्थव्यवस्था आहे. दोन्हींत उत्पन्न नियमित नसते. साडी मागावरून उतरेपर्यंत आठवडे किंवा महिने लागतात आणि मजुरी त्या हिशेबाने येते. कांद्याचे पैसे हंगामात एकदम येतात. दरमहा ठरावीक रक्कम गृहीत धरणाऱ्या आवर्ती ठेवीपेक्षा हवे तेव्हा टाकता-काढता येणारे साधे बचत खाते अशा कुटुंबांना अधिक सोयीचे पडते. शिवाय पगारपत्रक नसलेल्या विणकराला कर्जाच्या अर्जावेळी पासबुकातील नोंदीच उत्पन्नाचा पुरावा म्हणून दाखवता येतात. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात हातमाग विणकरांसाठी उत्सव भत्त्याची तरतूद आहे. त्यासारख्या लाभांमुळे विणकर कुटुंबांतही चालू स्थितीतील खाते ही गरज बनली आहे.

निष्क्रिय खाती, वारस आणि तक्रारी

सलग तीन आर्थिक वर्षांत एकही जमा किंवा खर्चाचा व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय ठरते. नवे केवायसी कागद, पासबुक व अर्ज देऊन ते पुन्हा चालू करता येते. दीर्घकाळ दावा न झालेल्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होतात. त्यानंतरही हक्कदाराला त्या मागता येतात.

खातेदाराच्या मृत्यूनंतर नामनिर्देशन असल्यास मृत्यू दाखला व ओळखीच्या पुराव्यावर रक्कम मिळते. नसल्यास ५ लाख रुपयांपर्यंतचा दावा सहा महिन्यांनंतर प्रतिज्ञापत्र व अन्य वारसांच्या नाहरकतीवर निकाली काढता येतो. त्याहून मोठ्या रकमेसाठी वारसा प्रमाणपत्रासारखा न्यायालयीन दस्तऐवज लागतो. जुन्या पासबुकांत नामनिर्देशनाचा रकाना कोरा असणे हे सर्रास आढळते.

बचत बँकेबाबतची तक्रार प्रथम संबंधित पोस्टमास्तर, नंतर विभागीय अधीक्षक यांच्याकडे करायची असते. ठरावीक काळाने भरणाऱ्या डाक अदालतीतही ती मांडता येते. पेमेंट्स बँकेची तक्रार त्या बँकेकडे व तिथे निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते.