मसल कार : शक्तिप्रेषण यंत्रणेचा टिकाऊपणा

मध्यम आकाराच्या दोन दरवाजी अमेरिकन मोटारगाडीत मोठे व्ही-८ एंजिन बसवून केलेल्या वेगवान गाडीस मसल कार म्हणतात. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून हा प्रकार रूढ झाला. एंजिनाचे परिबल चाकांपर्यंत नेणाऱ्या क्लच, दंतचक्र पेटी, प्रचालक दंड, विभेदी दंतचक्र व अर्धआस या भागांवर तेव्हापासूनच मोठा ताण पडत आला आहे.

क्रायस्लरने १९६६ मध्ये ४२५ अश्वशक्तीचे हेमी एंजिन ग्राहकांस उपलब्ध केले, तेव्हा हस्तचलित चार गतींच्या पेटीबरोबर ट्रकांतही वापरला जाणारा डाना ६० हा अवजड मागील आस जोडला. जुन्या यंत्रणेची मजबुतीबद्दलची कीर्ती मात्र काही अंशी टायरांमुळे आहे. तिरप्या धाग्यांचे अरुंद टायर लवकर घसरत आणि आघात दंतचक्रांपर्यंत पुरता पोहोचतच नसे. त्याच गाड्यांना पुढे रुंद, चिकट टायर लावले असता आस तुटू लागले.

२०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटची शक्ती ७०७ अश्वशक्ती होती. १९७२ पूर्वीचे आकडे साहाय्यक उपकरणांविना मोजलेले असल्याने प्रत्यक्ष वाढ दिसते त्याहून अधिक आहे. तिच्या आठ गतींच्या स्वयंचलित पेटीत गती बदलताना संगणक क्षणभर परिबल उतरवितो. स्वतंत्र मागील निलंबनात जोरदार प्रवेगाने चाके उसळून अर्धआस तुटू शकतात. म्हणून शेव्हरोले कॅमारो झेडएल१ (२०१२) मध्ये डावा व उजवा अर्धआस वेगवेगळ्या जाडीचे ठेवून ही कंपने शमविली. नव्या यंत्रणेची भारक्षमता निःसंशय श्रेष्ठ आहे. तथापि जुनी पेटी साध्या कर्मशाळेत उघडून दुरुस्त होई. नवीला संगणकीय निदान-उपकरण लागते.