चारामार : माळव्यातल्या तणाची गोष्ट

सांवेर, देपालपूर, हातोद या बाजूला ज्यांची शेती आहे किंवा कधीकाळी होती, त्यांच्या कानावरून एक शब्द नक्की गेला असेल : चारामार. तणनाशक हा शब्द आपल्या शुद्ध मराठीतला. खेड्यातल्या दुकानात "चारामार द्या" म्हटलं की दुकानदार बाटली काढून ठेवतो. शेतात आपोआप उगवतं तो चारा, आणि त्याला मारणारी दवा ती चारामार. गुरांच्या तोंडचा घास आणि पिकाचा शत्रू, दोघांना एकच शब्द. मला वाटतं, आपल्या शेतीचा शंभर वर्षांचा इतिहास या एका शब्दात सापडतो, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

आमच्या आजोबांच्या काळात माळव्यातली बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात मोकळीच असायची. कापूस, ज्वारी, मका होते, नाही असं नाही. पण गव्हा-हरभऱ्याचं रान चौमासभर रिकामं ठेवायचं, ही जुनी रीत. माती एकदा भिजली की बैलाचा पाय रुततो, माणसाच्या चपलेला शेर-शेर चिखल लागतो. चार दिवस उघडीप मिळाली की बखर फिरवायचा (आपण मराठीत वखर म्हणतो तोच), उगवलेलं तण मुळासकट उलटायचं, ओल आत धरून ठेवायची आणि शरदात गहू पेरायचा. तण मारायला वेगळा खर्च नव्हता. बैल होते, वेळ होता आणि आड येणारं पीक नव्हतं.

याच काळात इंदुरात एका मराठी माणसाने तणाकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहिलं, आणि हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. आजचं कृषी महाविद्यालय 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री म्हणून सुरू झालं. प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. त्यांच्याबरोबर शेती-रसायनाचं काम यशवंत वाड बघत. 1931 साली शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्यावरचं त्यांचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावं आहेत. जगाने हॉवर्ड लक्षात ठेवले, वाड विसरले. आपणही विसरलो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्यांच्या पद्धतीत तण हा कच्चा माल होता. उपटलेलं तण आधी सुकवायचं. कपाशीच्या पळाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. हे सगळं गोठ्यात गुरांखाली अंथरायचं आणि मग शेण, मुताची माती, राख यांच्याबरोबर दोन फूट खोल खड्ड्यात थराथराने भरायचं. तीनदा पालथं घालायचं. तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला खड्ड्यात 65 अंशांपर्यंत उष्णता चढते, तिच्यात तणाचं बी मरतं, त्यामुळे खताबरोबर तण परत शेतात जायची भीती नाही. 1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाला इंदूरला आले, तेव्हा हे काम बघून गेले. पुढे ही पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचं मासिक काढणारे रोडेल हे हॉवर्ड यांच्याच लिखाणाने भारावलेले होते. पोहे-जिलेबीच्या कितीतरी आधी आपल्या गावाचं नाव खताच्या खड्ड्याने परदेशात पोचवलं होतं!

सगळंच तण असं खड्ड्यात घालण्यासारखं नसतं. मध्य भारतातल्या लाखो एकरांवर कांस माजला होता. त्याच्या मुळांची जाळी इतकी खोल जाते की बैलाचा नांगर तिथवर पोचत नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेमार्फत अवजड ट्रॅक्टर लावून ती रानं खोल नांगरून काढली. त्या ट्रॅक्टरांसाठी जागतिक बँकेने 1949 साली भारताला 1 कोटी डॉलर कर्ज दिलं. बँकेच्या आपल्याला मिळालेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी एक, आणि ते चक्क एका गवतासाठी!

मग सोयाबीन आलं आणि सगळं उलटंपालटं झालं. काळ्या दाण्याचं 'कालीतूर' नावाचं सोयाबीन मध्य प्रदेशात आधीपासून थोडंफार होतं (नाव तूर, पण सोयाबीनच). जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर साठच्या दशकात प्रयोग केले, आणि सत्तरीनंतर हे पीक माळव्यात वणव्यासारखं पसरलं. साधारण शंभर दिवसांत निघतं, मागे गहू घेता येतो, तेलाच्या गिरण्या विकत घेतात. रिकाम्या चौमासात फुकटचं पीक मिळालं म्हणून लोक हरखले. 1987 साली सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र खंडवा रोडवर इंदुरातच आलं, यात नवल नाही.

पण चौमासा रिकामा ठेवण्यामागे जी अडचण होती, ती कुठे गेली नव्हती. सोयाबीनच्या दोन ओळींत दीड फूट अंतर. पानांनी ते झाकायला महिना-दीड महिना लागतो, आणि तेवढ्या दिवसांत तण वर आलं तर पीक खाली बसतं. हे दिवस नेमके आषाढ-श्रावणातले. दोन ओळींतून बैलाचा डोरा (महाराष्ट्रात कोळपं किंवा डवरा) चालवायचा, तर वाफसा हवा. आठ-आठ दिवस झड लागली की डोरा चालत नाही, खुरपी चालत नाही, फक्त तण चालतं.

निंदाईला गावातल्या बायका येत. दहा-बाराजणी उकिडव्या बसून ओळीने पुढे सरकायच्या. कमरेचं काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी मजुरीबरोबर तणाचा भारा डोक्यावर घेऊन जात, घरच्या म्हशीसाठी. सावा, लव्हाळा, दुधी, केना, सगळं त्यांना रोपावरून ओळखू यायचं. केन्याचा त्यांना विशेष राग. त्याचा तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला की परत मूळ धरतो, आणि त्याला वरच्या निळ्या फुलांशिवाय जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं. म्हणून केना शेतात टाकायचा नाही, बांधावर दगडावर वाळत घालायचा.

ऐंशीच्या दशकात पीथमपूर उभं राहिलं, इंदुरात बांधकामं वाढली. पुरुष आधी गेले, मागून बायकाही. ऐन श्रावणात मजूर मिळेना, मिळाले तर परवडेना. तेव्हा चारामार आली. आधी आली ती पेरणीच्या वेळची औषधं. बासालिन पेरणीपूर्वी फवारून लगेच मातीत मिसळावं लागे, कारण ते उन्हाने उडून जातं. अलाक्लोर पेरणीनंतर, उगवणीपूर्वी. (हे अलाक्लोर 2020 अखेरीस भारतात पूर्ण बंद झालं. ज्यांनी ते वर्षानुवर्षं फवारलं, त्यांच्यापैकी किती जणांना ही बातमी कळली असेल?) नंतर इमेझेथापायर आलं, आणि खरा पालट त्याने केला. पेरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी उभ्या पिकावर फवारायचं. तणाच्या वाढीला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होणं ते थांबवतं. सोयाबीनच्या शरीरात मात्र ते पटकन मोडून पडतं, म्हणून पीक वाचतं. अमेरिकेने 1996 पासून वेगळीच वाट धरली, ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीनच बनवलं. आपल्याकडे तसं बियाणं लावायला परवानगी नाही, त्यामुळे पीक आणि तण यांतला फरक औषधालाच कळावा लागतो. एक माणूस पाठीवर पंप घेऊन दिवसभरात जे करतो, त्याला पूर्वी पंधरा बायका आणि आठवडा लागायचा.

इंदुरातल्या फ्लॅटमध्ये बसून "काय विष कालवून राहिलेत शेतात" म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्या उकिडव्या बसलेल्या बायकांच्या जागी आपल्या घरची बाई कुणी कल्पिली होती का? चारामार आली ती गरजेपोटी आली.

तिची किंमतही आहेच, आणि ती वेगवेगळ्या लोकांनी मोजली. भारा बंद झाला तसं गोठ्यातल्या म्हशीला विकतचं आलं. गणपती-गौरींना लागणारा आघाडा आणि दूर्वा पूर्वी कुठल्याही बांधावर मिळायच्या, आता बांधही फवारतात, आणि आपण पत्रीचा वाटा बाजारातून आणतो. ऋषिपंचमीच्या भाजीला केना, कुंजरू घालणाऱ्या घरांनी आता ते कुठल्या शेतातलं आहे हे विचारूनच घ्यावं. आमच्या काकांच्या शेतात एका रब्बीला गव्हावर टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून हरभऱ्यावर अळीच्या औषधासाठी वापरला गेला. चार दिवसांत हरभऱ्याचे शेंडे दोरीसारखे पिळवटले. बटाईदाराच्या वर्षाचा अर्धा वाटा त्यात गेला, आणि काकांनी त्याचं देणं पुढच्या वर्षावर ढकललं म्हणून तो गावात राहिला. 2025 च्या ऑगस्टमध्ये विदिशा-रायसेनकडे तणनाशकाने सोयाबीनच जळाल्याच्या तक्रारी झाल्या, केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान स्वतः शेतात उतरून बघून आले. शेतकऱ्याच्या हातात बाटली असते, तिच्यात काय आहे हे तपासायचं साधन नसतं.

आणि तणही बसून राहत नाही. दरवर्षी तेच औषध मारलं की त्याला दाद न देणारं तण उरतं आणि रान त्याच्या ताब्यात जातं. आमच्याकडे सावा कमी झाला, केना वाढला. म्हणून आता सल्ला मिळतो तो असा : औषध आलटून-पालटून वापरा, मापात पाणी घ्या, अळीच्या औषधाचा नोझल तणनाशकाला लावू नका, फ्लॅट फॅन लावा, आणि वाफसा मिळाला की एकदा डोरा फिरवाच.

अडचण अशी की डोरा ओढायला बैल कुठे आहेत? काकांच्या बटाईदाराने गेल्या वर्षी गावातल्या शेवटच्या बैलजोडीवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं. तो आला, एक फेर झाला, आणि पाऊस लागला. उरलेल्या रानात चारामार.

मंडळी, दोन विनंत्या. कुणाच्या वाड्यात, माळ्यावर जुना लाकडी डोरा किंवा बखर पडून असेल तर फोटो टाका, आणि त्याच्या भागांची नावं घरात कोण काय म्हणायचं तेही लिहा. आणि यशवंत वाड यांच्याविषयी वडीलधाऱ्यांकडून काही ऐकलं असेल, तर तेही खाली लिहा.