जुनी मारुती 800 तापतेय? गॅरेजला जायच्या आधी हे बघा

काटा ‘एच’कडे सरकला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा.

गाडी नेमकी कधी तापते, हे आधी आठवा. बाजारात उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की थंड होते, तर बहुतेक पंखा फिरत नाही. बोटं लांब ठेवून पंख्याला बॅटरीवरून थेट वायर द्या. फिरला तर मोटर चांगली. दोष फ्यूज, वायर नाहीतर थर्मोस्विचचा.

चढाला किंवा वेगात तापते, तर रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्या. आपल्याकडे सर्रास बोअरचं पाणी ओततात, त्याचा क्षार आत बसतो. कूलंट महाग वाटतं, पण रेडिएटर त्याहून महाग! इंजिन तापूनही रेडिएटरचा वरचा पाइप गारच असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय.

पाणी कमी होतंय पण खाली गळत नाही, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय, सायलेन्सरमधून सारखा पांढरा धूर? मग हेड गॅस्केट गेलंय समजा. अशी गाडी तालुक्यापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, ओढूनच न्या. हेड वाकलं की खर्च कितीतरी वाढतो.