पिसाळला, की आणखी काही?

पाळलेला कुत्रा शेपटीमागे गरगर फिरू लागला, पंजा चाटून चाटून जखम करू लागला किंवा नसलेल्या माशीवर झडपा घालू लागला, की घरात पहिली शंका येते ती पिसाळल्याची. या शंकेला इतिहास आहे. १८३२ साली मुंबईत याच भीतीपोटी कुत्री मारण्याची मोहीम चालू होती आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना इनाम मिळे. इनाम नगावर असल्यामुळे जनावर आजारी की धडधाकट, हे पाहण्याचं कारणच उरलं नाही. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी ६ जूनला शिपायांवर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. पण भक्तीनेही कुत्र्याचं मन उलगडलं नाही. दत्ताच्या पायांशी आणि खंडोबाच्या सोबत कुत्रा पुजला गेला, संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी झाली. तरी तो असा का वागतो, हा प्रश्न भीती आणि भक्ती यांच्यामध्ये बाजूलाच पडला.

त्या भीतीला मात्र नावं ठेवता येणार नाहीत. पाश्चर यांनी १८८५ साली माणसाला पहिली लस टोचेपर्यंत पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर भरवशाचा उपाय नव्हता. आजही जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून वागणं अचानक पालटलं, गिळता येईना, लाळ गळू लागली, तर कुत्र्यापासून लांब राहून पशुवैद्याला बोलवावं. परंतु लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज झालेला कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. जो महिनोन्महिने गरगरतो आहे, त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. ते खाज, वेदना किंवा अपस्मार असू शकतं. दिवसभर साखळीला बांधून रिकामं ठेवणंही असू शकतं. २०१० साली डॉबरमन कुत्र्यांच्या कूस आणि पांघरूण चोखण्याच्या सवयीचा संबंध सातव्या गुणसूत्राच्या एका भागाशी आढळला. २०१२ साली फिनलंडमधल्या पाहणीत शेपटीमागे धावणारी कुत्री तुलनेने लवकर आईपासून तोडलेली दिसली. म्हणजे हा नुसता खोडसाळपणा नव्हे. रक्तातलं आणि वाट्याला आलेलं आयुष्य, दोन्ही त्यात असतं.

हे शहरातल्या हौशी लोकांचे चोचले आहेत, असा आक्षेप येईल. झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायसारख्या गावात आधी रेबीज आवरावा, मग कुत्र्याचं मन बघावं, असं कुणी म्हणेल. क्रम बरोबर आहे, पण दोन्ही कामं एकमेकांना जोडलेली आहेत. कुत्र्याला दर वेळी लस वेळेवर टोचली असेल, तर मालकाला दगड किंवा काठी न उचलता दुसरा प्रश्न विचारण्याइतकी उसंत मिळते. त्या प्रश्नाची पहिली उत्तरं खर्चिक नाहीत: पशुवैद्याकडून तपासणी, साखळीतून रोजची सुटका, हुंगायला आणि धावायला वाव, आणि गरगरण्यावर न हसणं, न ओरडणं. एवढ्याने भागलं नाही तर औषधंही आहेत. लस फक्त माणसाला वाचवते असं आपण समजतो. कुत्र्याकडे संशयाशिवाय बघण्याची मोकळीकही तीच देते, आणि गावात तिची गरज शहरापेक्षा कमी नाही.