नीरा डावा कालवा : पास की नापास?

दिवाळीत मामाकडे सोमेश्वरनगरला गेलो होतो. सोबत ऑफिसातला एक मित्र होता, मूळचा सुप्याकडच्या जिराईत गावातला. संध्याकाळी कालव्याच्या पुलावर गप्पा मारत बसलो आणि दोघांची जुंपली.

मामा म्हणाले, "या कालव्यानं सोनं केलं आमचं. ऊस, कारखाना, पोरांची शिक्षणं, सगळं यातूनच."

"तुमचं केलं, मामा. माझ्या आईनं टँकरच्या रांगेत आयुष्य काढलं," मित्र म्हणाला.

मी गप्प. सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यात भलताच किडा: याचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कुठंय? पास-नापास ठरवण्याआधी, हे कशासाठी बांधलं आणि नेमकं काय केलं, एवढं तरी कळायला नको? पुण्याला परतल्यावर एक अख्खा वीकेंड वाचण्यात घालवला.

आधी उद्देश. 1876 ते 78 या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. इंग्रज सरकारच्या लेखी पाटबंधाऱ्यांचे ढोबळ दोन प्रकार होते. एक खर्च व्याजासकट वसूल करून देणारे, दुसरे दुष्काळात माणसं आणि पिकं वाचवणारे. नीरा कालवा दुसऱ्या प्रकारातला. थोडं थोडं पाणी जास्तीत जास्त शेतांना द्यायचं, ज्वारी-बाजरी तगली पाहिजे. म्हणजे ज्या उसासाठी आज कालवा ओळखला जातो, त्याच्यासाठी तो बांधलाच नव्हता!

आता काम. भाटघरला वेळवंडी नदीवर धरण, नीरेवर वीरजवळ बंधारा आणि तिथून डाव्या तीरानं पुरंदर, बारामती, इंदापूरकडे कालवा. 1885 मध्ये पाणी सुटलं.

आणि युजरनं घोळ घातला :) पाऊस बरा झाला की ज्वारीला पाणी कोण घेणार, वर पाणीपट्टी कोण भरणार? दुष्काळ पडला की मात्र सगळ्यांना एकदम हवं. उत्पन्न काही जमेना. ऊस बारमाही पाणी पितो आणि पट्टीही नेमानं भरतो, म्हणून सरकार उसाकडे झुकलं. विश्वेश्वरय्या तेव्हा पुण्यात इंजिनिअर होते. पाणी मोजक्याच गावांत मुरू नये म्हणून त्यांनी ब्लॉक पद्धत काढली. ठरावीक जमिनीला काही वर्षं पाण्याची हमी, पण ऊस त्यातल्या एका भागातच. बाकी पिकं आलटून पालटून. 1920 च्या दशकात भाटघरचं नवं, मोठं धरण झालं. पुढे सहकारी कारखाने आले.

साइड इफेक्टही लवकरच दिसले. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी 1910 मध्येच अभ्यास छापला होता.

आता लावा मोजपट्टी. मामांच्या पट्टीनं, म्हणजे भरभराटीच्या हिशेबानं, कालवा डिस्टिंक्शनमध्ये पास. मूळ उद्देशाच्या पट्टीनं मात्र गडबड आहे. पाणी पातळ पसरायचं होतं, ते उसात साचलं, आणि शेपटाकडच्या इंदापूरच्या शेतकऱ्यांची ओरड आजही ऐकू येते. ती गावं स्कोपमध्ये होती, त्यामुळे हा कालव्याचा खरा दोष.

पण मित्राचं गाव? कालव्याचं पाणी उतारानं वाहतं. त्याच्या वरच्या अंगाची गावं पहिल्या दिवसापासून आराखड्याबाहेर होती. त्यांच्यापर्यंत पाणी पोचलं नाही म्हणून कालव्याला नापास करता येत नाही.

मोठ्या उत्साहानं हे सगळं मित्राला फोनवर ऐकवलं. म्हटलं, बघ, तुझी तक्रार टेक्निकली चुकीची आहे. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बरोबर आहे रे तुझं. पण मग आमचं रिक्वायरमेंट कुणी लिहायचं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. तुमच्याकडे असलं तर सांगा.