जंजिऱ्याची होडी पकडण्याआधी नगरची ही गोष्ट ऐका

कॅरिबियन बेटांचे रील बघून "एकदा तरी जायचंच" म्हणणारे आपल्यात बरेच असतील. मीपण त्यातलाच. आफ्रिकेतली माणसं गुलाम करून पश्चिमेला जमैका, त्रिनिदादला नेली हे आपल्याला माहीत असतं. पण तशीच माणसं पूर्वेला आपल्या दख्खनमध्येही आणली गेली. त्यांच्या वंशजांनी राज्य केलेलं एक बेट कोकणात आहे, मुरुडचा जंजिरा. त्याची नाळ आमच्या नगरशी जोडलेली आहे.

नगरच्या निजामशाहीच्या फौजेत हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडची माणसं, भरपूर होती. मलिक अंबर त्यातलाच. लहानपणीच विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला पोचला. इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं, आणि तोही हबशीच! १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तरी अंबरनं १६२६ साली मरेपर्यंत निजामशाही टिकवली. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्यानं मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजा हरवल्या. शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले.

जंजिराही निजामशाहीचाच. १६३६ ला निजामशाही बुडाली, पण तिथले सिद्दी टिकले, थेट १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत. किनाऱ्यानं त्यांचा जाचही सोसला. त्यांना आवर घालायला शिवाजी महाराजांनी समोरच पद्मदुर्ग बांधला. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही सांगायला हव्यात.

आता जायचं कसं? नगरहून पुणे, पुढे ताम्हिणी घाट उतरून मुरुड. तिथून राजपुरी गावात शिडाची होडी मिळते. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून हिवाळा गाठा. पाणी, टोपी, सुटे पैसे जवळ ठेवा. होडीतून किल्ल्यात उतरताना मोबाईल खिशात! दरवाज्यावरचं हत्तींना पंजात धरलेलं वाघाचं शिल्प, कलाल बांगडी तोफ आणि खाऱ्या समुद्रातला गोड्या पाण्याचा तलाव चुकवू नका.

मी नगरच्या शाळेत शिकलो. सहलीला भुईकोट पाहिला, पण अंबरचं नाव तिथं कुणी घेतलं नाही. ते मला जंजिऱ्याहून परतल्यावर, पुस्तकं चाळताना सापडलं. तुम्ही उलटं करा. आधी भातवडीला जाऊन या, मग होडीत बसा.

भेटू पुढच्या भागात!