‘नागपूरकर दुपारभर लोळतो’ : एक तळटीप

* पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची गंमत केल्यापासून असे टोमणे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले आहेत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. दारं लावून वाळ्याच्या कूलरसमोर पडून राहण्यापलीकडे तेव्हा शहाण्या माणसाने करावे तरी काय? बाजार संध्याकाळी जागा होतो. वरील वाक्य लिहिणारे लेखक तोवर बहुधा परतीच्या गाडीत बसले असावेत. पुढच्या परिच्छेदात ते ‘करून राहिलो’ या बोलण्यालाही हसतात. पण हे शहर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची, मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. जबलपूर-रायपूरची हिंदीभाषक मंडळी कचेरीच्या कामाला इथेच येत. बोलीत हिंदी मिसळली नसती तरच नवल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानीपण संपले. १९५३ च्या नागपूर कराराची आठवण म्हणून विधिमंडळाचे एक अधिवेशन तेवढे इथे भरते. तेही हिवाळ्यात, मे महिन्यात भरवण्याची सूचना मुंबईकडून अजून तरी आलेली नाही. — संपादक